चिकटपट्टीखालचं नाव

नागसेन ओव्हाळांना दापोडीत बरेच जण ‘परत बघू’ या नावानं ओळखायचे. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांची सगळी नोकरी गेली. हातातलं माप सांगायचं नग बरोबर आहे, डोळे सांगायचे बरोबर आहे, शेजारी उभा असलेला माणूस सांगायचा बरोबर आहे, तरी नागसेन मान खाली घालून हळूच म्हणायचे, “परत बघू.” निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. दाराला कुलूप लावून ते जिना उतरायचे आणि कुलूप ओढून बघायला पुन्हा वर चढायचे. वाचनालयातून पुस्तक घेऊन निघाले की अर्ध्या वाटेत वाटायचं, त्याच्या शेजारचं घ्यायला हवं होतं का? स्टेशनजवळच्या टपरीवर बबनराव मुद्दाम विचारायचे, “नागसेनभाऊ, च्यात साखर पडलीय न्हवं? बघा. न्हाई तर परत बघा.” बबनराव त्याच कारखान्याची बस चालवायचे. वर्षानुवर्षं त्यांनी नागसेनना दापोडीतून उचलून चाकणला नेलं आणि संध्याकाळी परत आणून सोडलं, त्यामुळे थट्टा करायचा हक्क त्यांचाच होता.

अशा माणसाच्या अंगावर लॅपटॉप निवडायचं काम येऊन पडलं. आणि तेही पिंकीसाठी.

पिंकी ही त्यांची एकुलती एक मुलगी, कागदोपत्री विजयश्री. शाळेत असताना तिची नजर कडेकडेनं विझत गेली. आधी ती संध्याकाळची अडखळायला लागली, मग फळ्यावरचं दिसेना, शेवटी हातातल्या पुस्तकावरचंही दिसेना. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, त्यावर उपाय नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं, त्या दिवसापासून नागसेन तिचे वाचक झाले. शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन तिच्यासमोर पाट टाकून बसायचे आणि वाचायचे. इतिहास, नागरिकशास्त्र, पुढे बी.ए.ची जाडजूड पुस्तकं, आणि अभ्यास संपला की गोष्टी, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं. चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस मुलीसमोर तासन्‌तास बोलायचा. फक्त शब्द दुसऱ्याचे असायचे.

पदवीनंतर पिंकी पुण्यातल्या एका केंद्रात संगणक शिकली. नागसेन तिला सोडायला जायचे. ती आत गेली की ते बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे. आत सगळ्या मुली कानाला हेडफोन लावून शांत बसलेल्या असतात एवढंच त्यांना माहीत होतं. डोकावून बघावंसं कितीदा वाटलं, पण आपण उगाच मधे कशाला, असं म्हणून ते बाकावरच राहिले.

आणि आता तिला नोकरी लागली होती. म्हणजे लागली होती असंही नाही. चिंचवडला पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती, तिच्याकडे गिऱ्हाइकांच्या लेखी तक्रारी यायच्या. त्या वाचायच्या, उत्तर द्यायचं, योग्य त्या माणसाकडे पाठवायच्या. काम घरून, पहिला महिना परीक्षेचा. याआधीही पिंकीनं मुलाखती दिल्या होत्या. तिला दिसत नाही हे कळलं की समोरच्यांचा आवाज एकदम मायाळू व्हायचा, आणि मायाळू आवाजात तिला घरी पाठवायचे. इथल्या बाईंचा आवाज बदलला नाही. त्या म्हणाल्या, “काम करून दाखवा. पण लॅपटॉप तुमचा तुम्ही आणायचा, आणि मशीन बंद पडलं ही सबब मी महिनाभरात एकदाही ऐकणार नाही.”

घरी आल्यावर पिंकी म्हणाली, “पप्पा, लॅपटॉपची कंपनी तुम्ही ठरवा. आयुष्यभर लोकांचा माल पास-नापास केलाय तुम्ही. टिकाऊ पाहिजे आणि आपल्या आवाक्यातला पाहिजे, बास.”

“मी?” नागसेन म्हणाले. “अगं, मला त्यातलं काय कळतं?”

“गिअरमधलं तरी पहिल्या दिवशी कुठं कळत होतं?” आतून त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या. “लाजत बसू नका आता. पोरीची नोकरी आहे.”

नागसेन चौकशीला लागले. टपरीवर विषय काढला, तर तिथं प्रत्येकाच्या खिशात एक कंपनी होती.

“माझ्या मेव्हण्याच्या घरात हाय तो घ्या,” एक जण म्हणाला. “पोरं त्याच्यावर जेवत्यात, तरी चालतोय.”

“आन् आमच्या भाच्यानं घेतला तो तर अजिबात घेऊ नका,” बबनराव म्हणाले. “वर्ष झालं न्हाई, उघडायला गेला तर झाकाण हातात! ह्या हातात झाकाण, त्या हातात लॅपटॉप. दोन झाले म्हणाला, एक तुमी घ्या मामा.”

शेजारचा सुजित हिंजवडीला आयटीत होता. त्याला गाठलं तर तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “काका, ब्रँड सगळे सारखेच हो. रॅम बघा आणि एसएसडी बघा.”

“म्हणजे काय बघू?”

“एसएसडी म्हणजे तुमचं पुस्तकांचं कपाट. रॅम म्हणजे टेबल. टेबल मोठं असलं की एका वेळी जास्त पुस्तकं उघडी ठेवता येतात. टेबल लहान घेऊ नका, नाहीतर सगळं रेंगाळतं.”

हे नागसेनना फार आवडलं. पण फोनवर लोकांचे अभिप्राय वाचायला बसले आणि पुन्हा गोंधळले. एकाच लॅपटॉपबद्दल एकानं लिहिलं होतं, डोळे झाकून घ्या. त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, पश्चात्ताप झाला. एका साच्यातले दोन नग इतके वेगळे कसे? त्यांना आधी वाटलं आपल्याच वाचण्यात चूक होतेय. परत वाचलं. तेच होतं.

शेवटी ते पिंपरीच्या बाजारात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या यशवंतरावांकडे गेले. मोडलेल्या वस्तूंतून जेवढं कळतं तेवढं नव्या वस्तूंतून कळत नाही, हे तपासणी विभागातलं त्यांचं जुनं मत होतं. यशवंतराव पन्नाशीचे, लातूरकडचे, कपाळावर भिंग चढवलेले. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण.

“तुमच्याकडं कुठल्या कंपनीचे जास्त येतात?” नागसेननी चाचरत विचारलं.

“ज्याचे जास्त खपतेत त्याचे जास्त येतेत,” यशवंतराव म्हणाले. “त्याच्यावरून काय बी कळत नसतं काका. ज्याचे माझ्याकडं येतच नाहीत, ते चांगले म्हणावं तर ते कुणी घेतलेच नाहीत.”

“मग कंपनी कशी ठरवायची?”

“कंपनी कशाला ठरवताय? एकाच कंपनीचा एक लॅपटॉप लोखंडासारखा असतो आन् दुसरा पापडासारखा. मॉडेल बघा. बिजागरी बघा, चार्जिंगची पिन जिथं घालतेत ते भोक हालतं का बघा, पंख्याचा आवाज ऐका. दुरुस्तीचं केंद्र आपल्या गावात आहे का इचारा. बास.”

बोलता बोलता त्यांनी समोरचा लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि पाठ उचलली. नागसेन बघतच राहिले.

विमानात ते कधी बसले नव्हते. पण विमानातून चाकण दिसलं तर असंच दिसेल, असं त्यांना वाटलं. हिरव्या जमिनीवर आखीव रस्ते, रस्त्याकडेला काळ्या शेड, चंदेरी टाक्या, रांगेत उभ्या केलेल्या गाड्यांसारखे बारीक दाणे. आणि कुठंही माणूस नाही, आवाज नाही, तेल नाही, वास नाही. असा कारखाना, आणि तो मांडीवर ठेवता येतो!

“हे मधलं काय?” त्यांनी एका नखाएवढ्या चकचकीत चौकोनाकडे बोट केलं, पण बोट लांबच ठेवलं.

“मेंदू. ह्याच्यात चालू-बंद होणारी बटणं असतेत. अब्जांनी.”

“अब्जांनी?” नागसेन म्हणाले. “आमच्याकडं सगळ्यात बारीक हिशेब मायक्रॉनचा असायचा. केसाच्या जाडीचे कितीतरी भाग केले तर त्यातला एक. तो सांभाळताना आमचा जीव जायचा.”

“आताच्या चांगल्या मशीनमध्ये मायक्रॉनभर लांब, मायक्रॉनभर रुंद एवढ्या जागेत शंभराच्या आसपास बसतेत म्हणे. मी काय मोजली नाहीत.” यशवंतराव हसले आणि ब्रशनं पंख्यावरची धूळ झाडू लागले.

नागसेननी चष्मा काढून पुसला, परत घातला. ज्या मायक्रॉनला सगळा विभाग वचकून असायचा, त्यात कुणीतरी वस्ती केली होती. त्यांनी नकळत दोन्ही हात पाठीमागे बांधले, जसे ते लहानपणी कुणाच्या चांगल्या घरात गेल्यावर बांधायचे.

घरी परतताना बसमध्ये त्यांना मुजुमदार साहेब आठवले. तपासणी विभागाचे ते जुने प्रमुख. नवा पुरवठादार आपला माल पसंतीला पाठवायचा, तेव्हा साहेबांचा एक दंडक होता. नमुने टेबलावर यायच्या आधी प्रत्येकावरचं नाव कागदी चिकटपट्टीनं झाकायचं आणि वर अ, ब, क लिहायचं. “नाव वाचलं की डोळा मऊ पडतो,” साहेब म्हणायचे, “नाहीतर उगाच कडक होतो.” निकाल लागेपर्यंत पट्टी कुणी काढायची नाही. नागसेनना तो दंडक फार आवडायचा, कारण पट्टी लावलेल्या नमुन्यांपुढे त्यांची भीड चेपायची.

दुसऱ्या दिवशी पिंकीला घेऊन चिंचवडच्या दुकानात जाताना नागसेनच्या खिशात चिकटपट्टीचं एक नवं रीळ होतं.

दुकानातल्या विक्रेत्या बाईंचं नाव सायली. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. नागसेननी आपलं म्हणणं इतकं हळू सांगितलं की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

“म्हणजे मी नावं झाकू? काका, लोक नाव बघायलाच येतात इथं!”

“नमुना तपासायचाय ताई,” नागसेन पुटपुटले. “म्हणजे, चालत असेल तर. नसेल तर राहू द्या.”

“राहू द्या कशाला? द्या इकडं पट्टी.” सायलीताईंना मजा वाटायला लागली होती. त्यांनी पिंकी आणि नागसेनना पाठमोरं उभं केलं आणि त्यांच्या ऐपतीतले लॅपटॉप काढून, झाकणावरचं आणि पडद्याखालचं नाव झाकून, टेबलावर मांडले. अ, ब आणि क.

“बघा आता.”

नागसेन पुढे झाले आणि एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. खाली वाकून त्यांनी पडदे न्याहाळले. प्रत्येकावर सायलीताईंनी एकाच मोराचं चित्र लावलं. नागसेननी बाजूनं बघितलं, वरून बघितलं, दिव्याखाली बघितलं, मागे जाऊन बघितलं. अ चा मोर फिका होता. ब चा बरा होता. पण क चा मोर! पिसांतला निळा कुठं संपतो आणि हिरवा कुठं सुरू होतो ते डोळ्यांना सापडत नव्हतं. मशीनही कसं, पातळ आणि तकतकीत.

“क,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चक्क मोठा निघाला. “शंकाच नाही. रंग असे उतरलेत की पीस हातात घ्यावंसं वाटतंय.”

“छान आहे का पप्पा मोर?” पिंकीनं मागून विचारलं.

“फारच.”

“मग आईला दाखवू. ती खूश होईल. मी काय बघू तेवढं सांगा.”

ती हसत होती, त्यात टोचणं नव्हतं. पण नागसेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतका वेळ ते पडदा तपासत होते, आणि ज्या माणसासाठी तपासत होते तिला त्या यंत्रातल्या एकाच भागाचा उपयोग नव्हता, तो म्हणजे पडदा. तपासणीतला माणूस, डोळ्यांचीच सवय. सगळी नोकरी ज्यांवर काढली त्या डोळ्यांनी आज बरोबर चुकीच्या जागी नेलं होतं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तू बस.”

पिंकी खुर्चीवर बसली. पिशवीतून तिनं एक पेनड्राइव्ह काढला. त्यात पडदा वाचून दाखवणारं तिचं सॉफ्टवेअर होतं. ते फुकट मिळतं आणि ते बनवायला ज्यांनी सुरुवात केली तेही अंधच, असं तिला केंद्रात सांगितलं होतं. सायलीताईंनी परवानगी दिली. पिंकीनं कानाला हेडफोन लावला आणि क वर दोन्ही हात ठेवले.

नागसेन पहिल्यांदाच हे बघत होते. तिची बोटं कीबोर्डवर उतरली आणि क्षणभर काही शोधत फिरली. एफ आणि जे या अक्षरांवर बारीकसा उंचवटा असतो, त्यावरून बाकीची अक्षरं सापडतात. तिच्या लहानपणी नागसेन कारखान्यात नापास झालेले गिअर तिला खेळायला आणून द्यायचे. नजर गेल्यावर ती त्यांच्या दात्यांवरून असंच बोट फिरवायची आणि सांगायची, “पप्पा, हा इथं कापलाय.” आणि तो तिथंच कापलेला असायचा.

“ह्याचे उंचवटे लागतच नाहीत,” ती म्हणाली. “सगळं एकदम गुळगुळीत. आणि हे वर कोपऱ्यात काय आहे? डिलीटच्या शेजारी?”

“चालू-बंद करायचं बटण,” सायलीताई म्हणाल्या.

“मग हा गेला. रोज एकदा तरी मी काम करता करता त्याचा गळा दाबीन.”

अ चा कळफलक तिला आवडला. पण थोडं टाइप करून ती थांबली. पुन्हा एक अक्षर दाबलं, मान तिरकी केली. “मी बोट उचलल्यावर बोलतोय हा. मधे विचार करतो.”

“टेबल लहान असेल,” नागसेन एकदम बोलून गेले. सायलीताईंनी कागद बघितला. अ ची रॅम खरंच कमी होती. नागसेनना स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

मग ब. पिंकीनं तो एका हातानं उघडला, मिटला, उघडला. “पप्पा, बिजागरी तुम्ही बघा.” नागसेननी झाकणाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला आणि डोळे मिटले. गिअर दांड्यावर बसवून हलवून बघताना ते असेच डोळे मिटायचे. झाकण वर जाताना सारखं जात होतं. कुठं सैल नाही, कुठं करकर नाही. “खेळ नाही,” ते म्हणाले.

पिंकीची बोटं चालू लागली. या वेळी ती थांबली नाही. ओठ मधेच हलत होते, मधेच हसत होते. यंत्र तिला काहीतरी सांगत होतं, ती त्याला काहीतरी विचारत होती, आणि बाहेर फक्त कळांची टपटप ऐकू येत होती. केंद्राच्या दाराआड वर्षभर हेच चाललेलं होतं आणि आपण बाकावर बसून होतो, असं नागसेनच्या मनात आलं.

“पिंके,” त्यांनी भीत भीत विचारलं, “मला ऐकता येईल?”

तिनं हेडफोनची वायर काढली. लॅपटॉपमधून आवाज सांडला.

हो, सांडला असंच म्हणावं लागेल. तो माणसाचा आवाज नव्हता. लोखंडी पत्र्यावर मूग ओतावेत तसा सलग खळखळाट होता, त्यात ना श्वास, ना विराम. दुकानातले दोघंचौघं वळून बघू लागले.

“ही कुठली भाषा?” सायलीताईंनी विचारलं.

“मराठी आहे ताई.”

“काहीतरीच!”

“खरंच. आजची बातमी वाचतोय. मोशीजवळ रस्त्याचं काम सुरू झालंय, अवजड गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवल्यात, पुढचे काही दिवस चाकणकडं जाणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघावं. आता हवामान सांगतोय.” आवाज अजून चालूच होता, आणि पिंकी त्याच्यासोबतच बोलत होती, एका कानानं घेत होती, तोंडानं देत होती, आणि मधे तिची बोटं पुढचं पान उघडत होती.

नागसेननी टेबलाची कड धरली. यशवंतरावांच्या खोबणीत त्यांना वाटलं होतं की माणूस याहून थक्क होऊ शकत नाही. पण तो चौकोन कुठल्यातरी परदेशी कारखान्यात घडला होता. हे तर दापोडीच्या दोन खोल्यांच्या घरात घडलं होतं. त्यांच्या शेजारी जेवणारी, केस विंचरणारी, सुलोचनाशी भाजीवरून भांडणारी ही पोर डोक्यात असं काही घेऊन फिरत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. नखाएवढ्या जागेत अब्जावधी बटणं बसवणाऱ्यांना त्यांनी मनातल्या मनात हात जोडले होते. इथं काय करावं ते त्यांना सुचेना.

“तू कायम एवढ्या वेगानं ऐकतेस?”

“सवय झालीय. सावकाश ऐकलं तर झोप येते.”

मग मी वाचायचो तेव्हा, असं त्यांना विचारायचं होतं. पण ते दुकान होतं आणि लोक बघत होते.

“ब,” पिंकी म्हणाली. “पप्पा, ब घेऊ या. दाबलं की लगेच बोलतो, कळा नीट लागतात, आणि पंखा माझ्याहून शांत आहे.”

“दुरुस्तीचं केंद्र?” नागसेननी विचारलं.

“आपल्या चिंचवडातच,” सायलीताई म्हणाल्या. “आणि वॉरंटी वाढवून मिळेल. काढू पट्ट्या?”

पट्ट्या निघाल्या. क निघाला तो जाहिरातीत रोज दिसणाऱ्या नावाचा. अ आणि ब मात्र एकाच कंपनीचे निघाले. रेंगाळणारा तो आणि तल्लख हा, दोघे सख्खे भाऊ. आणि कंपनी कुठली, तर बबनरावांच्या भाच्याच्या हातात जिचं झाकण आलं होतं, नेमकी ती.

नागसेनना तो भाचा दिसला. एका हातात झाकण, एका हातात लॅपटॉप. मग तो भाचा पिंकी झाला. महिना अर्धा गेलाय, तक्रारींचा ढीग साचलाय, आणि चिंचवडच्या बाई फोनवर म्हणतायत, सबब ऐकणार नाही.

“पिंके, आपण असं करू,” ते म्हणाले. “परत बघू. चार ठिकाणी आणखी विचारू. घाई कशाला?”

टेबलावर चाचपून पिंकीनं ब ची सुटी झालेली पट्टी शोधली, दोन बोटांत धरली.

“पप्पा, मुजुमदार साहेबांकडं निकाल लागल्यावर नाव बघून कुणी माल नापास केला असता तर?”

“साहेबांनी त्याला विभागातून काढलं असतं.”

“बिजागरीला खेळ आहे?”

“नाही.”

“परत बघायचीय?”

नागसेननी झाकणाकडे बघितलं. हात उचलला, आणि झाकणापर्यंत नेऊन थांबवला. बबनराव खोटं बोलले नव्हते. भाच्याचं झाकण निघालंच असणार. पण तो नग त्यांनी तपासला नव्हता. हा तपासला होता, आणि त्यांच्याहून बारीक तपासणाऱ्या हातांनी तपासला होता. त्या हातांना पट्टीची गरजच नव्हती. त्यांच्यासाठी जगातली सगळी नावं आधीपासून झाकलेली होती.

“नको,” ते म्हणाले. “पास.”

हा शब्द दुसऱ्यांदा न बघता त्यांच्या तोंडून कधी निघाला होता का, ते त्यांना आठवेना.

बिल होईपर्यंत पिंकीनं ती पट्टी झाकणाच्या एका कडेला पुन्हा चिकटवून टाकली. “राहू दे ही. बॅगेतून काढताना कुठली बाजू आपल्याकडं हे बोटाला कळेल,” ती सायलीताईंना म्हणाली.

परतीच्या बसमध्ये खोकं नागसेनच्या मांडीवर होतं. नाशिक फाटा ओलांडल्यावर त्यांनी एकदाचं विचारलं, “मी इतकी वर्षं वाचत होतो. तुला कंटाळा यायचा?”

“तुमचा?” पिंकी हसली. “तुम्ही स्वल्पविरामाला थांबायचा. हे यंत्र थांबतच नाही. आणि कुणी मेलं की तुमचा आवाज बसायचा, मग आई पाणी आणायची. ह्याला पाणी कोण देणार?”

नागसेन खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. त्यांना काहीही दिसत नव्हतं.

काम सुरू झालं. पिंकी खिडकीजवळ बसायची, हेडफोन लावायची, आणि कुणाच्या विहिरीवरचा पंप पाणी ओढत नाही, कुणाचा सुरूच होत नाही, ते ऐकत टपटप उत्तरं लिहायची. नागसेन बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. पण कान आत असायचे. टपटप जरा थांबली की मान वर व्हायची. पुन्हा सुरू झाली की पान उलटायचे, आणि मग लक्षात यायचं की आधीचं पान वाचलेलंच नाही.

“पंखा बंद करा, मशीनवर धूळ उडेल,” ते सुलोचनाबाईंना सांगायचे.

“मग मी उकडून मरू का? मशीनला जपा, बायकोला वाळत घाला!”

टपरीवर बबनरावांनी विचारलं, “घेतला म्हणं? कुठल्या कंपनीचा घेतला?”

“ब,” नागसेन म्हणाले.

“ही कुठली नवी कंपनी काढली राव?”

“चांगली आहे. नमुना बघून घेतलाय.” आणि ते चक्क हसत चहा प्यायले. बबनराव नंतर दोन दिवस सगळ्यांना विचारत होते, ब कंपनी कुणाला ठाऊक हाय का.

महिना सरत आला तसे नागसेन पुन्हा जुने नागसेन झाले. चार्जरची पिन दिवसातून कितीदा तपासायचे. झाकणाचा कोपरा पिंकी जेवायला उठली की धरून बघायचे. खेळ नव्हता. पण यंत्राला खेळ नाही म्हणून नोकरी पक्की होते असं थोडंच आहे?

आणि एका दुपारी आतली टपटप थांबली. थांबली ती थांबलीच. नागसेन पुस्तक हातात तसंच धरून दारात गेले. पिंकी लॅपटॉपसमोर ताठ बसली होती. एक हात झाकणावरच्या पट्टीवर होता.

“बिघडलं का?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“पप्पा, बसा. कंपनीचा मेल आलाय.” तिनं हेडफोनची वायर ओढून काढली. “ऐका.”

“मला काय कळणार त्यातलं? तूच सांग ना.”

“ऐका तर.”

तिनं कळ दाबली. पत्र्यावर मूग ओतल्यासारखा आवाज सुरू झाला आणि त्यांनी श्वास घ्यायच्या आत संपलाही. त्यात कुठं काही दाणा वेगळा दिसला नाही. नागसेननी डोळे मिटले, जसे बिजागरी धरताना मिटले होते.

“परत,” ते म्हणाले.

तिनं परत लावलं, वेग जराही कमी न करता. खळखळाट वाहत गेला. आणि त्यात, अगदी सुरुवातीला, चमकून गेल्यासारखं काहीतरी त्यांच्या कानाला लागलं. विजयश्री. हो, विजयश्री ओव्हाळ. त्या लोखंडी, श्वास नसलेल्या आवाजात त्यांच्या मुलीचं सबंध नाव होतं.

“तुझं नाव घेतलं त्यानं!”

“अजून काय म्हणाला?”

सुलोचनाबाई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. “कोण ओरडतंय आत?”

“श्श,” नागसेन म्हणाले. त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि लॅपटॉपच्या इतके जवळ सरकले की त्यांचा कान पिंकीच्या खांद्याला लागला. “परत लाव.”

आवाज पुन्हा सुटला. आता त्यांना नाव कुठं येणार ते माहीत होतं. ते आलं आणि गेलं. त्यानंतर पुन्हा नुसता लोंढा. पण लोंढ्याच्या शेवटी, थांबायच्या जरा आधी, आणखी एक शब्द वर आला, आणि तो त्यांनी अलगद, खेळ नसलेल्या नगासारखा, धरला.

“कायम,” ते म्हणाले. “कायम म्हणाला का गं तो?”

पिंकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “परत बघा,” ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा कळ दाबली.